ग्रहण तिकडे, वेध इकडे

छावणीची डाक
फौजींच्या घरच्यांचे प्रश्न आणि ऐरोलीच्या एका निवृत्त नायब सुभेदाराची उत्तरं

प्रश्न : काका, माझा धाकटा भाऊ राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला, मलाकलला आहे. यंदा राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला शुक्रवारी येतेय आणि त्याच दिवशी चंद्रग्रहण आहे. भारतात ते दिसणार नाही. पण आफ्रिकेत दिसणार असं आईला कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा : ‘त्याला कळव, बाहेर येऊन बघू नकोस, वेधात तोंडात काही घालू नकोस.’ मी म्हणते, बघू दे की त्याला. यावरून आमच्याकडे रोज वाजतं. खरं सांगू का, तो फोनवर ‘बरा आहे, जेवलो’ याच्यापुढे काही बोलतच नाही, ते मला ग्रहणापेक्षा जास्त लागतं. काँगोत असताना तुम्ही ग्रहण पाहिल्याचं मागे ओझरतं लिहिलं होतं. तेव्हा तुमच्या घरी काय केलं होतं?
— एक बहीण, कळवा

उत्तर : पोरी, आधी वेधांचं मिटवू, म्हणजे घरात शांतता होईल. पंचांगाचाच नियम आहे की ग्रहण जिथे दिसतं तिथे पाळायचं. या ग्रहणाचा स्पर्श आपल्या घड्याळात सकाळी आठ वाजून तीन मिनिटांनी आहे. तोवर ठाण्याचा चंद्र मावळून दीड तास उलटलेला असेल. म्हणजे कळव्यात वेध नाहीत, आईने खुशाल चहा घ्यावा. मलाकल आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजून गेलेले असतील आणि चंद्र पश्चिमेला उतरलेला. पावणेसहाच्या आसपास तो अर्ध्याहून अधिक झाकलेल्या अवस्थेतच क्षितिजाखाली जाईल. जुने लोक याला ग्रस्तास्त म्हणतात, आईला हा शब्द सांग, तिला बरं वाटेल. राहता राहिला खाण्याचा प्रश्न. पहाटे साडेचारला फौजी फार तर मगभर चहा पितो. त्यावरून भांडू नका.

आता आमच्या घरचं.

साल २०१८, २७ जुलै. तोही शुक्रवारच, आणि गुरुपौर्णिमा. मी गोम्यात होतो, काँगोच्या पूर्व टोकाला, किवू सरोवराच्या काठी. माझं काम वायरलेसचं. आपल्या ब्रिगेडचं ठाणं तिथे होतं आणि मी त्याच्या सिग्नलवाल्यांत. गोमा म्हणजे काळ्या दगडाचं गाव. २००२च्या जानेवारीत न्यीरागोंगो ज्वालामुखी फुटला आणि त्याचा लाव्हा भर शहरातून सरोवरापर्यंत वाहत गेला. त्याच गार झालेल्या लाव्ह्याच्या दगडांच्या भिंती, त्याचेच रस्ते. बुटाचा तळवा सहा महिन्यांत जायचा. आणि डोंगराच्या तोंडात तेव्हाही लाव्ह्याचं तळं उकळत होतं, त्यामुळे रात्री उत्तरेकडचं आभाळ शेगडीवर राख धरल्यासारखं मंद लाल दिसायचं. नवीन आलेला जवान पहिल्या रात्री झोपत नसे. महिन्याभराने कुणी त्याकडे बघतही नसे.

तू भावाबद्दल जे लिहिलंस ना, ‘बरा आहे, जेवलो’, तसाच मीही बोलायचो. यात तुझ्यावर राग नाही की लपवाछपवी नाही. गस्त कुठे गेली, काय दिसलं, कोण आजारी पडलं, हे घरी सांगायचं नसतं. जे सांगता येतं ते रोज तेच असतं : डाळ, भात, भाजी, पाऊस. घरच्यांचंही तसंच. लाइटबिल भरलं, पोरीची परीक्षा झाली, शेजारच्यांची गाडी पुन्हा आपल्या जागेत लागली. तीन मिनिटांत दोन्ही बाजूंचं संपतं आणि मग ‘आणि काय?’ असं दोघांनी दोनदोनदा म्हणून फोन ठेवायचा. आठ महिन्यांत आमचं असंच चाललं होतं.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. एरवी ती बायकोकडून फोन घेऊन ‘सुखी राहा’ म्हणून परत द्यायची. त्या दिवशी तिच्याकडे यादी होती. एक, ग्रहण मकर राशीत आहे आणि माझी रास मकर. दोन, शतकातलं सगळ्यात मोठं ग्रहण असं टीव्हीवर सांगतायत. तीन, आणि हा तिचा खरा पेच, ‘वेध कुठले पाळायचे, इथले का तिथले?’ खटाव तालुक्यातली माझी आई, शाळा चौथीपर्यंत. पण प्रश्न बघा किती नेमका. मला उत्तर देता येईना. मी म्हटलं, पंडितजींना विचारून सांगतो.

आमच्याकडे युनिटचे पंडितजी होते, मंदिर बघायचे. शहाणा माणूस. संध्याकाळच्या रोल कॉलला त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं की ज्याला पाळायचं त्याने इथल्या वेळेप्रमाणे पाळावं, ज्याची ड्यूटी आहे त्याची ड्यूटी हाच नियम, आणि लंगर बंद राहणार नाही. गुरुपौर्णिमेची खीर होती. मी दोन वाट्या खाल्ली. आईला मात्र सांगितलं, उपास केला. आई आता नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

माझी ड्यूटी चार ते रात्री दहा. ग्रहणाचा स्पर्श तिथल्या आठ चोवीसला, खग्रास साडेनऊला. म्हणजे चंद्राचा घास घेतला जात होता तेव्हा मी वायरलेसच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ‘ओव्हर’ आणि ‘रॉजर’ करत बसलो होतो. अधूनमधून कुणीतरी दारातून डोकावून ‘आधा गया’, ‘पौना गया’ असं सांगून जायचं. दहाला माझा बदली आला, पाच मिनिटांत सगळं त्याच्या हवाली केलं आणि मी पाण्याच्या टाकीमागे गेलो, कारण तेवढीच जागा कुंपणाच्या दिव्यांपासून आडोशाला होती.

मी गावाकडे लहानपणी ग्रहणं पाहिली होती, पांघरुणातून, चोरून. हे तसलं नव्हतं. विषुववृत्ताजवळ चंद्र असा डोक्यावर येतो की मान मोडते. तो विझला नव्हता, रंग बदलून बसला होता. त्याच्या बाजूला मंगळ, त्या दिवशी तोही सूर्याच्या बरोबर समोर आलेला, म्हणून एरवीपेक्षा कितीतरी ठळक. उत्तरेला न्यीरागोंगोची शेगडी. आणि पौर्णिमेच्या रात्री कधी दिसत नाहीत इतके तारे, आकाशगंगा माथ्यावरून सरळ सरोवरापर्यंत. फिकट काही उरलंच नव्हतं, एक तर काळं नाहीतर लाल.

मी घरी फोन लावला. इकडे रात्रीचा दीड वाजून गेलेला. पहिल्याच रिंगला उचलला, तिघी जाग्या होत्या. आई जपाला बसलेली, बायको खिडकीत, पोरगी गच्चीवर जाऊन भिजून आलेली. ऐरोलीवर असा ढग बसला होता की चंद्र कुठल्या दिशेला आहे तेही कळत नव्हतं. तीन दिवस पेपरात फोटो बघून पोरीने वाट पाहिली होती, ती रडकुंडीला आली होती. व्हिडिओ लावला तर तिला दिसला एक काळा चौकोन आणि त्यात माझं नाक.

मग आईने फोन घेतला. म्हणाली, ‘तुला दिसतोय? कसा दिसतोय?’

मी सांगितलं, ‘तांब्याच्या घागरीसारखा. महिनाभर न घासलेल्या.’

‘म्हणजे चिंच लावायची राहिली,’ आई म्हणाली, आणि हसली. ग्रहणात हसली. बायकोने मला नंतर सांगितलं की आपण हसलो हे लक्षात आल्यावर तिने लगेच कान पकडले.

तिथून पुढे दोन सव्वादोन तास आम्ही बोलत होतो. सलग नाही. कॅम्पचं वायफाय दर दहा मिनिटांनी तुटायचं, पुन्हा लावायचो. मी वायरलेसवाला, आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले. स्वतःच्या घराला पहिल्यांदाच असा रिपोर्ट देत होतो. ‘डावीकडची कड जरा उजळ वाटतेय.’ ‘नाही, अजून नाही.’ ‘मंगळ सरकला.’ पोरगी वहीत वेळा टिपून घेत होती, माझी वेळ आणि साडेतीन मिळवून तिची. तिथल्या अकरा तेराला कडेवर पांढरा ठिपका उमटला. मी म्हटलं, ‘आई, एका बाजूने उजळायला लागला. पांढराशुभ्र.’

‘कल्हईवाला आला म्हणायचं,’ ती म्हणाली.

मग ती मध्येच विचारायची, ‘कुठवर आली कल्हई?’ आणि मी सांगायचो, पाव झाली, निम्मी झाली, बुड राहिलंय. त्या भरात ती कितीतरी बोलली. तिच्या माहेरी ग्रहणात परातीत पाणी घालून मुसळ उभं करायचे, ते कसं उभं राहायचं. माझा थोरला भाऊ पोटात असताना आलेल्या ग्रहणात तिला सासूने अंधाऱ्या खोलीत कसं बसवलं होतं आणि तिने तिथे गुपचूप शेंगदाणे कसे खाल्ले होते. पंचेचाळीस वर्षांत तिने ही शेंगदाण्यांची गोष्ट मला सांगितली नव्हती. (मुसळाचं म्हणाल तर पोरीने दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, बत्ता परातीत उभा करून दाखवला. नीट तोलला की कुठल्याही दिवशी उभा राहतो. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.)

पंचांगात मोक्षाची वेळ छापलेली होती, आपल्याकडची तीन एकोणपन्नास. घड्याळ समोर होतं. तरी आई आंघोळीला उठेना. ढगामुळे तिला काही दिसत नव्हतं आणि छापलेल्या वेळेवर तिचा भरवसा नव्हता. ‘तू सांग,’ म्हणाली, ‘मग उठते.’ तिथले बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली, मी आणखी मिनिटभर नीट बघितलं आणि म्हटलं, ‘सुटलं.’ मग बादलीचा आवाज आला.

लहानपणी ग्रहण सुटलं की दारावर हाका यायच्या, ‘दे दान, सुटे गिराण’. ऐरोलीत वॉचमन असतो, तिथे रात्री चारला कोण येणार? आईने तांदूळ आणि जुनं लुगडं काढून ठेवलं होतं आणि हाकेशिवाय ते द्यायचं कसं, म्हणून खट्टू झाली होती. तेव्हा मीच टाकीमागून फोनमध्ये ओरडलो, ‘दे दान, सुटे गिराण!’ ताबडतोब अंधारातून ‘थम! कौन आता है?’ झालं. संत्री पंजाबचा होता. त्याला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. पण सकाळी सुभेदार मेजर साहेबांनी मला बोलावून घेतलं, एवढं पुरे.

तर पोरी, तुझ्या भावाला ‘बघू नकोस’ म्हणून फोन करू नको. ‘बघ आणि सांग’ म्हणून कर, तोही आदल्या दिवशी, म्हणजे त्याची ड्यूटी असेल तर तसं तो सांगेल. ग्रहण लागेल तेव्हा तू बहुतेक कळव्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत असशील. तिथून त्याला विचार, ‘कुठवर आलं?’ पुढचं त्याचं तो बोलेल. मात्र एक धर मनात : ऑगस्टमध्ये तिकडे पावसाळा असतो, काळी माती, गुडघाभर चिखल. ढग असले तर त्याला काही दिसणार नाही. मग त्या चिखलाबद्दल विचार, त्यावर कुठलाही फौजी अर्धा तास बोलतो.

आणि राखी. अजून टाकली नसशील तर हे वाचून झाल्याबरोबर, युनिटने दिलेल्या एपीओच्या, म्हणजे फौजी टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावर टाक. माझ्या बहिणीने त्या वर्षी आठ दिवस आधी टाकली होती. मला ती दिवाळीच्या तोंडावर मिळाली. मी ती भाऊबीजेला बांधली.

प्रश्न : शांतिसेनेत गेलेल्या जवानांनी ड्यूटी सोडून आकाश बघत बसणं शिस्तीत बसतं का? तुमच्या मागच्या लेखातला तो उल्लेख मला खटकला होता.
— एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही बसत, साहेब. म्हणूनच मी दहा वाजेपर्यंत हेडफोन लावून बसलो होतो.

पण तुमच्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे, ती सांगतो. पौर्णिमेच्या रात्री संत्र्याला कुंपणापलीकडे चालणाऱ्या माणसाची सावली दिसते. डोळ्यांना त्या उजेडाची सवय होते आणि मग खग्रास लागलं की तासाभरात तीच रात्र अमावास्येची होऊन जाते. त्या रात्री आमच्या गार्ड कमांडरने साडेनऊच्या आधीच जादा संत्री लावले होते, आणि ज्याने मान वर केली त्याला शिव्या घातल्या होत्या. बरोबरच केलं. १९१७च्या जुलैत, पहिल्या महायुद्धात, तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अरब टोळ्या अकाबा बंदराकडे जाताना वाटेतली एक तुर्की चौकी आडवी आली. लॉरेन्सला रोजनिशीवरून ग्रहणाची तारीख ठाऊक होती. चंद्र काळवंडला आणि त्या अंधारात टोळीवाल्यांनी चौकी घेतली, त्यांचा एकही माणूस पडला नाही. ग्रहणाची तारीख समोरच्यालाही माहीत असू शकते, हे फौजीने विसरू नये. ड्यूटी नसलेल्याने मात्र जरूर बघावं.

प्रश्न : मी नववीत आहे. चंद्र काळा न होता लाल का होतो? आणि २०१८चं ग्रहण सगळ्यात मोठं का होतं? आमच्या सरांनी सांगितलं पण घाईत सांगितलं.
— विद्यार्थी, कोपरखैरणे

उत्तर : मी शिक्षक नाही, पण मला कळलंय तसं सांगतो. पृथ्वीच्या सावलीत चंद्र शिरला की सरळ ऊन त्याच्यापर्यंत जात नाही. पण पृथ्वीभोवती हवेचं वेष्टण आहे, त्यातून जाणारा उजेड थोडा वाकतो आणि सावलीत आत पोचतो. वाटेत निळा रंग हवेत विखरून जातो, तांबडा उरतो, जसा संध्याकाळी वाशीच्या पुलावरून सूर्य बघतोस तसा. म्हणजे त्या क्षणी पृथ्वीवर जिथेजिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्यांचा उजेड चंद्रावर पडलेला असतो.

मोठं का, तर तीन गोष्टी जुळून आल्या. चंद्र सावलीच्या जवळजवळ मधून गेला. त्या दिवशी तो पृथ्वीपासून सगळ्यात लांबच्या टप्प्यावर होता, तिथे त्याची चाल मंद असते आणि तो दिसायलाही थोडा लहान असतो, म्हणून सावलीत जास्त वेळ मावतो. आणि जुलैत पृथ्वी सूर्यापासून दूर असते, तेव्हा तिची सावली थोडी लांब पडते. सगळं मिळून खग्रास १ तास ४३ मिनिटं. साध्या डोळ्यांनी बघितलंस तरी काही होत नाही, चंद्रग्रहणाला चष्मा लागत नाही.

तुला बघायचं असेल तर ३१ डिसेंबर २०२८ लिहून ठेव. रात्री सव्वादहा-साडेदहाला खग्रास ऐन भरात असेल, आपल्याकडून सगळं दिसेल, आणि डिसेंबरात ढगांची कटकट नाही. त्या रात्री सगळी नवी मुंबई गच्चीवरच असते. फक्त फटाक्यांच्या धुराआधी बघून घे.

प्रश्न : मिस्टर लेबनॉनला आहेत. त्यांनी तिथून काढलेले चंद्राचे फोटो मी स्टेटसला ठेवले तर चालेल का?
— घणसोली

उत्तर : नुसता चंद्र असेल तर ठेवा. खाली कुंपण, टेहळणीचा मनोरा, गाड्या, दिवे यातलं काहीही आलं असेल तर नको, आणि जागेचं नाव तर अजिबात नको. आणि खरं सांगायचं तर फोनवर काढलेला चंद्र पांढऱ्या बुंदीएवढा येतो. त्यांना म्हणावं, फोटो राहू द्या, कसा दिसला ते बोलून सांगा.